चहा सोडलेल्यांचा चहा

1774 च्या जुलैत बोस्टनकडचा एक वकील, जॉन अ‍ॅडम्स, कोर्टाच्या कामासाठी फॉलमथला गेला होता. फॉलमथ म्हणजे आजच्या मेन राज्यातलं पोर्टलंड. चांगली पस्तीस मैलांची घोडदौड करून तो उतरत्या दुपारी मुक्कामाच्या घरी पोचला आणि घरच्या बाईंना त्याने विचारलं, की बाई, थकल्याभागल्या वाटसरूने कपभर चहा घेतला तर चालेल का? अर्थात तो प्रामाणिकपणे चोरून आणलेला हवा, कर भरलेला नको. बाई म्हणाल्या, छे, इथे आम्ही सगळ्यांनीच चहा सोडलाय. चहा काही देता यायचा नाही, कॉफी करून देते. मग तो रोज दुपारी कॉफी पीत राहिला. बायकोला, अ‍ॅबिगेलला, लिहिलेल्या पत्रात हे सगळं आलंय. तान्ह्याचं अंगावरचं दूध तोडतात तसा आपलाही चहा तुटायला हवा, जितक्या लवकर तितकं बरं, असंही तो लिहितो.

हा माणूस पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. मला मात्र तो या पत्रातच जास्त जवळचा वाटतो. तत्त्व पाळायचं आहे, पण दुपार झाली की तल्लफ येतेच, आणि चोरीचा असला तर तत्त्वात बसेल का, हे हळूच विचारून बघायचंय.

इंग्रजांच्या कराचा निषेध म्हणून अमेरिकन वसाहतवाल्यांनी बोस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याची गोष्ट शाळेत सगळेच शिकतात. 16 डिसेंबर 1773 ची रात्र, तीन जहाजं, 342 पेट्या, 92 हजार पौंडांहून अधिक चहा, म्हणजे जवळजवळ 42 टन. तिथून गोष्ट तडक बंदुकांकडे वळते. मला मात्र पहिल्यापासून मधल्याच एका गोष्टीचं कुतूहल होतं. 17 तारखेला सकाळी या लोकांनी चुलीवर काय ठेवलं?

कारण चहा तोवर त्यांच्या हाडीमासी खिळला होता. पीटर काल्म हा स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ 1748 ते 1751 या काळात या वसाहतींमध्ये हिंडला. त्याच्या प्रवासवर्णनात चहाबद्दल पुष्कळ तक्रारी आहेत. इथल्या तरण्याताठ्या बायकांचे दात पडतात त्याचा दोषही त्याने कढत चहावर टाकला आहे. ऑल्बनीच्या डच घरांमध्ये लोक चहात साखर घालत नाहीत, खडा तोंडात धरतात आणि वरून चहा घोटतात, हेही त्याने टिपून ठेवलंय. चहाबरोबर अख्खा संसार आला होता: किटली, कान नसलेले चिनी पेले, गाळसाळ टाकायचं वाडगं, साखरेचा चिमटा, आणि चहाची कुलपाची पेटी. पेटीची किल्ली घरच्या बाईकडे असे. दुपारचा चहा हा तिचा दरबार होता. कुणाला बोलवायचं, कुणाच्या पेल्यात किती ओतायचं, कुणाचं लग्न कुठे जमवायचं, हे त्या टेबलावर ठरायचं. त्यामुळे चहा सोडणं म्हणजे एक पेय सोडणं नव्हतं, तर दिवसातला आपल्या सत्तेचा एकमेव तास बायकांनी हातचा सोडायचा होता. सभांमध्ये भाषणं पुरुषांनी ठोकली. डॉक्टर थॉमस यंग यांनी तर बोस्टनच्या ओल्ड साउथ सभागृहात त्याच 16 तारखेला चहा शरीराला कसा अपायकारक आहे यावर व्याख्यान दिलं. पण किटलीत काय उकळायचं हा प्रश्न सभागृहात सुटणारा नव्हता.

करही असा मोठा नव्हता. पौंडामागे तीन पेन्स, 1767 च्या टाउनशेंड कायद्यातला. 1770 मध्ये बाकीच्या वस्तूंवरचे कर उठवले, चहावरचा मुद्दाम ठेवला. तुमच्यावर कर बसवायचा हक्क आमचा, हे दाखवायला. 1773 च्या चहा कायद्याने तर चहा उलट स्वस्तच होणार होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या वखारींत दीड कोटी पौंडांहून जास्त चहा पडून होता. बंगालमध्ये 1770 चा भीषण दुष्काळ, तिथल्या कारभाराची लूट आणि वाढलेला लष्करी खर्च यांनी कंपनी गळ्यापर्यंत कर्जात रुतली होती. तिला वाचवायला सरकारने अमेरिकेत थेट माल विकायची सवलत दिली. चहा सगळा चीनचा होता: बोही, सिंग्लो, हायसन. आसामच्या मळ्यांचा तेव्हा पत्ताही नव्हता.

कंपनीचं नाव निघालं की मराठी माणसाचं मन आपसूक पुण्याकडे जातं, आणि इथे ते जाणं गैर नाही. बोस्टनला चहा बुडाला त्याच्या साडेतीन महिने आधी, 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. त्यातून उठलेल्या भाऊबंदकीत हात घालायला मुंबईचे कंपनीवाले टपलेलेच होते. 1774 च्या डिसेंबरअखेर त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी गिळली. मार्चमध्ये राघोबादादांशी सुरतेचा तह झाला. एप्रिलमध्ये तिकडे लेक्सिंग्टनला अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली. दोन्हीकडच्या लढाया पुढे सात-आठ वर्षं चालल्या. ठाण्याच्या तटाशी तोफा डागणारी कंपनी आणि चहाच्या पेट्या धाडणारी कंपनी एकच, हिशेबाची वहीसुद्धा एकच.

ठाण्याचा किल्ला पडला त्याच्या आठवडाभरच आधी, 22 डिसेंबर 1774 ला, मी आता राहते त्या न्यू जर्सीत चहाची होळी झाली. राज्याच्या दक्षिण टोकाला कोहॅन्सी नदीच्या काठी ग्रीनविच नावाचं चिमुकलं गाव आहे. फिलाडेल्फियाला निघालेलं ग्रेहाउंड जहाज तिथलं वातावरण तापलंय म्हणून अलीकडेच या गावात शिरलं आणि माल गुपचूप एका तळघरात उतरवला गेला. गावातल्या आणि आसपासच्या पोरांनी रात्री पेट्या बाहेर काढल्या आणि मैदानात पेटवून दिल्या. मालकांनी खटले भरले, पण स्थानिक पंच कुणालाच दोषी ठरवेनात. गावात अजून एक दंतकथा सांगतात. स्टॅक्स आडनावाच्या एका गड्याला जळणारा चहा बघवेना, म्हणून त्याने मूठमूठ करत विजारीत कोंबला. पुढे जन्मभर लोक त्याला टी-स्टॅक्स म्हणत राहिले. खरंखोटं देव जाणे. ग्रीनविचच्या सरळ रुंद मुख्य रस्त्यावर 1908 मध्ये उभारलेलं स्मारक आहे आणि त्यावर होळी करणाऱ्यांची नावं आहेत. स्टॅक्सचं नाव असो-नसो, मला तिथे उभं असताना त्याचीच आठवण येत होती. प्रत्येक बहिष्कारात असा एक माणूस असतोच.

तर चुलीवर काय ठेवलं? उत्तर दाराबाहेरच होतं. वसाहतीतल्या घरांना मागच्या दाराशी, स्वयंपाकघरातून चार पावलांवर, औषधी आणि मसाल्याच्या रोपांचे वाफे असत. फळ्या ठोकून उचललेले, पाणी साचू नये म्हणून. शेत पुरुषांचं, वाफे बायकांचे. सेज, थाइम, पुदिना, लेमन बाम, हिसप, कॅमोमाइल, टॅन्सी. खोकल्याला एक, पोटाला एक, बाळंतिणीला एक, कपड्यांतल्या कसरीला एक. टॅन्सी तर मयतालाही लागायची. हार्वर्डचा पहिला अध्यक्ष हेन्री डन्स्टर 1659 मध्ये वारला. दोनेकशे वर्षांनी त्याचं थडगं उघडलं तेव्हा आत टॅन्सी सापडली म्हणतात. चर्चमधली प्रवचनं तासन् तास चालत, तेव्हा बायका रुमालात बडीशेप, शेपूचे दाणे, शहाजिरं बांधून नेत आणि चघळत बसत. आमच्याकडे कीर्तनाला बसलेल्या आज्यांच्या कनवटीला हेच असायचं, त्यामुळे ही माहिती वाचून मला त्या करड्या प्युरिटन बायका एकदम घरच्या वाटायला लागल्या.

ही रोपं बहुतेक विलायतेहून आली होती. जॉन विन्थ्रॉप धाकट्याने 1631 मध्ये अमेरिकेला निघताना लंडनच्या एका किराणावाल्याकडून विकत घेतलेल्या बियांचं बिल आजही जपलेलं आहे. त्यात पन्नासहून अधिक प्रकार आहेत. बी आणलं म्हणून रुजतंच असं नाही, हे परदेशात कढीपत्त्याची कुंडी सांभाळणाऱ्या कुणालाही सांगायला नको. जॉन जॉसलिन या इंग्रज प्रवाशाने 1672 मध्ये छापलेल्या पुस्तकात न्यू इंग्लंडमध्ये काय जगतं आणि काय जगत नाही याची यादीच दिली आहे. रोझमेरी या देशाची नव्हे. लॅव्हेंडरला हवा मानवत नाही. फीव्हरफ्यू मात्र माजते. आणि बडीशेप हिवाळ्यात उपटून उबदार तळघरात ठेवावी लागते. ही शेवटची ओळ वाचून मी हसले, कारण दर ऑक्टोबरात पहिलं दहिवर पडायच्या आत माझा गवती चहा कुंडीसकट तळघराच्या खिडकीत जातो आणि मेपर्यंत तिथेच पिवळा पडत, पण हट्टाने जगत राहतो. साडेतीनशे वर्षांत तळघरात नेण्याची गोष्ट बदलली, न्यायचा मुहूर्त तोच राहिला.

जॉसलिनच्या पुस्तकात आणखी एक यादी आहे. इंग्रज वस्ती आणि गुरंढोरं आल्यावर आपोआप उगवलेलं तण. त्यात प्लँटेन आहे, आपल्या इसबगोलाची चुलत बहीण. जॉसलिन म्हणतो, इथले मूळ लोक तिला इंग्रजाचं पाऊल म्हणतात, जणू ती त्यांच्या पायाखालीच उगवते. माझ्या अंगणातही ती आहे, कितीही खुरपलं तरी.

बहिष्काराच्या काळात या परसातल्या पाल्याला अचानक मान आला. कालपर्यंत जो काढा आजाऱ्याच्या उशाशी जायचा तो आता पाहुण्यांपुढे चिनी पेल्यातून यायला लागला, आणि त्याचं नाव पडलं लिबर्टी टी. वर्तमानपत्रांत कृती छापून आल्या, कुठल्या पाल्याने तब्येत सुधारते याची पत्रं आली. बायका सूत कातायला एकत्र जमत आणि तिथे अभिमानाने लॅब्राडोर चहा, म्हणजे त्या नावाच्या रानटी झुडपाच्या पानांचा काढा, घेत. इथवर वाचून आपल्याला खादी आणि विदेशी कापडाच्या होळ्या आठवल्याशिवाय राहत नाहीत. चरखासुद्धा आहेच.

मी यातले बरेच पाले करून पाहिले आहेत. काही विकत घेतले, काही लावले. रास्पबेरीची पानं सगळ्यांत फसवी: नीट वाळवून कढत पाण्यात ठेवली की रंग येतो, तुरटपणा येतो, आणि क्षणभर जीभ मानतेसुद्धा. न्यू जर्सी टी नावाचं कमरेएवढं झुडूप आहे. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याला पांढरे तुरे येतात आणि मुळं लाल असतात. मूळ लोकांना ते औषध म्हणून ठाऊक होतं. क्रांतीच्या दिवसांत त्याचा पाला चहा म्हणून खूप खपला. न्यू जर्सीत राहून ते लावलं नाही तर काय, म्हणून हौसेने आणलं. हरणांनी पहिल्या वर्षी बुंध्यापर्यंत खाल्लं. जाळी लावल्यावर जगलं. चहा सौम्य होतो, रंगाने चहा, चवीने भिडस्त. सेजचा घोट घशाला बरा, गप्पांना नाही. चार-चार पानांच्या फेऱ्याची पिवळ्या फुलांची लूसस्ट्राइफ मी केलेली नाही. सॅसफ्रसच्या मुळांचा वास मोहक, पण त्यातल्या सॅफ्रोलमुळे अमेरिकन सरकारने 1960 मध्ये खाद्यपदार्थांत ते घालायला बंदी केली. पेनीरॉयल नावाचा पुदिन्यासारखा पाला तेव्हा सर्रास उकळत. त्याचं तेल यकृत निकामी करू शकतं, तेव्हा जुन्या पुस्तकात सापडला म्हणून कुणी प्रयोग करू नये.

यातल्या जवळजवळ कशातच कॅफिन नाही. ही गोष्ट देशभक्तीच्या कथांमध्ये कुणी सांगत नाही. दुधाची तहान ताकावर भागते, पण चहाची तल्लफ सेजवर भागत नाही. पहिल्या आठवड्यात किती डोकी दुखली असतील! अपवाद एक, यॉपन. दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंत वाढणारं सदाहरित झाड, उत्तर अमेरिकेतल्या कॅफिन असणाऱ्या मोजक्या देशी वनस्पतींपैकी एक. तिथले मूळ लोक त्याची पानं भाजून कडक काळं पेय करत, सभांच्या आधी आणि समारंभांत पीत. काही विधींमध्ये ते पिऊन वांती करत, तेवढं युरोपीय पाहुण्यांच्या लक्षात राहिलं. 1789 मध्ये विल्यम एटनने झाडाला शास्त्रीय नाव दिलं आयलेक्स व्होमिटोरिया. झाडात वांतीकारक असं काही नाही, पण असल्या नावाचा चहा कोण घेणार? तरतरी आणणारा अस्सल देशी चहा दारात उभा होता आणि तो किनाऱ्यावरच्या गरिबांचं पेय म्हणूनच मागे राहिला.

माझ्या अंगणातला लाडका मात्र ऑस्वेगो टी. मोनार्डा डिडिमा. पुदिन्याच्या कुळातला, म्हणून खोड चौकोनी. जुलैत लालभडक, विस्कटलेल्या केसांची फुलं येतात आणि हमिंगबर्ड त्यावर घिरट्या घालतात. ऑगस्टच्या दमट हवेत पानांवर भुरी चढते, ती चढायच्या आत, फुलं उमलायच्या बेतात असताना, सकाळी दव सुकल्यावर कापायचा आणि जुड्या बांधून सावलीत उलट्या टांगायच्या. तेव्हाच्या बायका माळ्याच्या वाशांना टांगत, मी कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगते. सासूबाई साताऱ्याहून उन्हाळ्यात आल्या होत्या तेव्हा त्यांनी एक पान चुरगाळून नाकाशी नेलं.

"अगं, हा तर ओवा!"

"अहो आई, ओवा नाही, इकडचा चहा आहे हा. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी लोक प्यायचे."

"का? त्यांची पोटं बिघडली होती?"

करून दिला. त्यांनी पूर्ण पेला संपवला, कारण टाकून देणं त्यांच्या स्वभावात नाही. मग पेला खाली ठेवून म्हणाल्या, "छान आहे हो. आता चहा टाक." ओव्याचा वास मात्र त्यांनी बरोबर ओळखला होता: थायमॉल हे द्रव्य ओव्यातही असतं आणि मोनार्डातही.

ऑस्वेगो हे नाव कुठून आलं ते शोधताना माझ्या मनातली लिबर्टी टीची सुरेख गोष्ट जराशी कडवट झाली. ऑस्वेगो म्हणजे ऑन्टारिओ सरोवराच्या काठचं इंग्रजांचं ठाणं. 1743 मध्ये फिलाडेल्फियाचा जॉन बार्ट्रम तिथवर गेला. हा शेतकरी, शिकला स्वतःच्या हिमतीवर. स्कूकिल नदीकाठी 1728 मध्ये त्याने लावायला घेतलेली बाग आजही आहे, फिलाडेल्फियाला गेलात तर जरूर बघा. कॉनराड वायझर हा दुभाष्या आणि नकाशे काढणारा लुइस एव्हान्स यांच्याबरोबर तो आधी ओनोंडागाला पोचला. ओनोंडागा ही होडेनोशोनी संघाची, म्हणजे इंग्रज ज्यांना इरोक्वा म्हणत त्या सहा राष्ट्रांच्या संघाची, राजधानीच. तिथल्या लांबलचक सभाघरात या पाहुण्यांचा मुक्काम पडला, खाणंपिणं झालं. त्या प्रवासात हे लाल फुलांचं झाड बार्ट्रमच्या हाती लागलं. त्या मुलखातल्या लोकांचा हा पाला, त्यांच्या जगण्यातला. बार्ट्रमने बिया लंडनला पीटर कॉलिन्सनकडे धाडल्या. हा कापडाचा व्यापारी बागेच्या वेडापायी वसाहतींतून पेट्याच्या पेट्या बिया मागवत असे. आणि अशा रीतीने रोप विलायतेत फुललं.

तीस वर्षांनी वसाहतवाल्यांनी हाच पाला आपल्या मातीतला, राजाच्या कराला न भिणारा चहा म्हणून मिरवला. आता तारखा बघा. 1779 च्या एप्रिलमध्ये अमेरिकन सैन्याने ओनोंडागा जाळलं. होडेनोशोनींतले बरेच जण इंग्रजांच्या बाजूने लढत होते, म्हणून त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनने जनरल सलिव्हनला त्यांच्या मुलखात पाठवलं. हुकूम होता वस्त्यांचा पुरता विध्वंस करण्याचा. चाळीसहून अधिक गावं बेचिराख झाली, मक्याची उभी शेतं कापली, फळबागा तोडल्या. पुढचा हिवाळा त्या लोकांनी नायगारा किल्ल्याच्या आसऱ्याला उपाशी आणि थंडीत काढला. 1790 मध्ये त्याच संघातल्या सेनेका लोकांचा सरदार कॉर्नप्लँटर वॉशिंग्टनला तोंडावर म्हणाला, तुझं सैन्य आमच्या मुलखात शिरलं तेव्हा आम्ही तुला गावं उद्ध्वस्त करणारा म्हणालो. आजही ते नाव ऐकलं की आमच्या बायका मागे वळून बघतात आणि पांढऱ्याफटक पडतात.

फुलांनी डवरलेला वाफा बघताना हे सारखं डोक्यात असतं असं मी म्हणणार नाही. पण लिबर्टी टीची रंगीत पाकिटं ऐतिहासिक स्थळांच्या दुकानांत दिसतात तेव्हा हटकून आठवतं. पाकिटावर टोपीतली गोरी बाई असते, परसातून टोपली घेऊन येणारी. टोपलीतलं निम्मं विलायतेहून आलेलं आणि निम्मं शेजाऱ्यांकडून घेतलेलं. त्या शेजाऱ्यांचं पाकिटावर काहीच नसतं.

त्या बाईंबद्दल माझ्या मनात अढी नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी केलं ते धाडसाचं होतं. 1770 च्या आरंभी बोस्टनमध्ये तीनशेहून अधिक गृहिणींनी चहा न पिण्याच्या प्रतिज्ञेवर सह्या केल्या. 25 ऑक्टोबर 1774 ला नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडेंटनमध्ये पेनेलपी बार्कर यांच्या पुढाकाराने 51 जणींनी बहिष्काराचा ठराव केला, खाली स्वतःची नावं घातली आणि तो लंडनच्या वर्तमानपत्रांत छापून आला. मताचा हक्क नाही, लग्न झालेलीच्या नावावर मालमत्ता नाही, अशा काळात बाईने राजकीय कागदावर उघड सही करणं हीच बातमी होती. लंडनहून आर्थर आयरडेलने ईडेंटनमधल्या आपल्या भावाला चेष्टेने विचारलं, की तिकडे आता बायकांचीही काँग्रेस भरली की काय? (काँग्रेस म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींची सभा.) आम्ही इंग्रज पुरुषांच्या काँग्रेसला भितोच, पण बायकांचा धाक अनादि काळापासूनचा.

1775 च्या मार्चमध्ये लंडनमध्ये त्यांच्यावर एक व्यंगचित्र निघालं. बायका थोराड, बेढब. एक पुरुष एकीशी लगट करतोय, टेबलाखाली पोर बेवारशी पडलंय, कुत्रं भलतंच काही करतंय. बायका घर सोडून राजकारणात आल्या की असं होतं, एवढाच त्याचा मथितार्थ, आणि तो आजही शिळा झालेला नाही. पण त्या चित्रात मागे एक काळी बाई उभी आहे. सह्यांसाठी दौत-लेखणी धरून. कुचेष्टा करायला बसलेल्या चित्रकाराने तिला काढलं. ईडेंटनच्या त्या सुखवस्तू घरांमध्ये चूल पेटवणारे, वाफे खुरपणारे, पाला वाळवणारे हात बहुतेक गुलामांचे होते, बार्करांच्याही घरात. लिबर्टी टी कुणी प्यायला ते ठरावाखाली लिहिलंय. तो कुणी केला ते त्या दौतवालीला विचारायला हवं होतं.

आणि हा चहा टिकला किती? फारच थोडा. काँग्रेसने 1 मार्च 1775 पासून चहा पूर्ण बंद केला आणि 1776 च्या एप्रिलमध्ये, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याही आधी, विक्रीला परत परवानगी दिली, वर भावाची मर्यादा घालून. ज्यांना चहा मिळेना किंवा परवडेना त्या बायकांनीही सेजवर समाधान मानलं नाही. 1777 च्या जुलैत बोस्टनमध्ये कॉफीचा तुटवडा असताना थॉमस बॉयल्स्टन नावाचा गब्बर आणि कंजूष व्यापारी ती दाबून बसला होता. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स नवऱ्याला कळवते, की शंभरेक बायका हातगाडी घेऊन त्याच्या वखारीवर चालून गेल्या, किल्ल्या देईना म्हणून एकीने त्याची मानगूट पकडून गाडीत घातला, किल्ल्या काढून घेतल्या, वखार उघडली, कॉफी गाडीत भरली आणि घेऊन गेल्या. पुरुषांचा मोठा जमाव अवाक होऊन नुसता बघत उभा होता. हे पत्र वाचताना फॉलमथच्या त्या बाईंची कॉफी कुठल्या रस्त्याने पुढे गेली ते कळतं.

युद्ध रीतसर संपायच्याही आधी, 1782 मध्ये, प्रिन्स द ब्रॉय हा फ्रेंच पाहुणा फिलाडेल्फियात क्रांतीचे खजिनदार रॉबर्ट मॉरिस यांच्या घरी चहाला गेला. चहा उत्तम होता, तो पीत गेला, यजमान भरत गेले. बाराव्या पेल्याला फ्रेंच राजदूताने दया येऊन कानात सांगितलं, की बाबा रे, पेल्यावर चमचा आडवा ठेव, नाहीतर हे भरतच राहतील. आपल्याकडे पानावर हात आडवा धरतात ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

मग 22 फेब्रुवारी 1784 ला, वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, न्यू यॉर्कहून एम्प्रेस ऑफ चायना हे जहाज कँटनकडे निघालं. अमेरिकेचं चीनला जाणारं पहिलं व्यापारी जहाज. चिन्यांना अमेरिकेचं काय हवं असणार? हवी होती जिनसेंगची मुळं. हे झाड इथल्या जंगलांत आपोआप वाढतं; 1716 मध्ये मॉन्ट्रियलजवळ मोहॉक लोकांच्या मदतीने लाफितो या पाद्र्याने ते ओळखलं, बार्ट्रमनेही त्याचा माग काढला होता. जहाजात टनावारी वाळलेली मुळं भरली होती, डोंगरातल्या सावलीत खणलेली. पंधरा महिन्यांनी, 11 मे 1785 ला, ते परत आलं तेव्हा त्यांच्या बदल्यात त्याच्या पोटात चहा होता. बोही, हायसन, तेच सगळं. तोही चढ्या नफ्याने विकला गेला, आणि पुढच्या हंगामापासून आणखी जहाजं जिनसेंग भरून रांगेला लागली.